ऱ्होन नदीची तपासणी

परदेशी जाऊन आलेल्या मराठी माणसाची ज्या नाना कारणांसाठी टवाळी होते, त्यांत त्याच्या तुलना करण्याच्या खोडीला अग्रमान आहे. आल्प्सच्या पायथ्याशी उभे राहून त्याला आंबोलीचा घाट आठवतो, राजवाडा दिसला की कोल्हापूरचा नवा राजवाडा सुचतो, आणि जगातील कोणतीही मिठाई जिभेवर ठेवताच साताऱ्याच्या कंदी पेढ्याची सर तिला नाही हा अभिप्राय त्याच जिभेवरून बाहेर पडतो. त्यावरून सुसंस्कृत मंडळी असा निवाडा देऊन मोकळी होतात की, या गृहस्थाने घर सोडले तरी घराने त्याला सोडलेले नाही, सबब त्याचा प्रवासखर्च नामंजूर करण्यात यावा. हा निवाडा एकतर्फी आहे. ज्यांच्याविरुद्ध तो लागला त्यांची कैफियत आजवर कोणी ऐकून घेतलेली नाही. आणि दक्षिण फ्रान्समधील ऱ्होन नदीवर सांगली, मिरज, तासगाव आणि माधवनगर या चतुःसीमेतील एका समुदायाबरोबर नौकापर्यटन केल्यानंतर ती दाखल करण्याचा अधिकार मला प्राप्त झाला आहे, असे मी समजतो. माझे म्हणणे एवढेच की, ज्याच्या पदरी स्वतःचे माप नाही त्याला परमुलूख मोजता येत नाही, आणि जो मोजला नाही तो मुलूख पाहिला असे म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

आमचे माधवनगर हे कृष्णेच्या काठावरचे गाव नव्हे, हे प्रथम नमूद केले पाहिजे. सांगलीच्या छायेत वाढलेली ही व्यापारी वसाहत नदीशी सुरक्षित अंतर राखून असल्यामुळे कृष्णेच्या पुराशी आमचे नाते प्रेक्षकाचे आणि यजमानाचे आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेले की इशारा, ४५ वर गेले की धोका, आणि त्याहून वर गेले की सांगलीचे आप्तेष्ट पिशव्या व पासबुके घेऊन आमच्या दारात, असा शिरस्ता पडून गेला आहे. २०१९ च्या ऑगस्टात तेथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा आमच्या सोप्यावर पाय ठेवण्यास जागा उरली नव्हती. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला कोणतीही नदी दिसली की तिच्या सौंदर्याची वास्तपुस्त करण्याआधी तिची उंची विचारावीशी वाटते, यात अरसिकपणा नाही, पूर्वानुभव आहे.

सहलीची तारीख ठरली तीही कृष्णाकाठच्याच पंचांगाने. गणपती उठल्यानंतर आणि द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीपूर्वी जेवढा अवधी मोकळा सापडतो तेवढाच तासगावकरांच्या सोयीचा होता, आणि तो नेमका पितृपंधरवडा निघाला. त्यावर काही घरांतून श्राद्धतिथीची हरकत आली. आमच्या समुदायात एक निवृत्त मामलेदारसाहेब होते. त्यांनी उभय पक्षांचे म्हणणे ऐकून असा निकाल दिला की, मंडळी सर्वपित्री अमावास्येपूर्वी स्वगृही पोहोचत असल्यामुळे पितरांच्या हक्कास बाध येत नाही, आणि ज्यांचे पूर्वज त्याआधीच उपस्थित होतील त्यांनी तूर्त फ्रान्समधील कावळे चालवून घ्यावेत. फ्रान्समध्ये कावळे आहेत किंवा कसे याची खातरजमा कोणीतरी तेथल्या तेथे फोनवर करून घेतली, आणि प्रकरण निकाली निघाले.

यानंतर सामानाची तजवीज झाली. प्रवास कंपनीने बोटीवर शाकाहारी आणि जैन जेवणाची हमी दिली होती, स्वयंपाकासाठी स्वतंत्र महाराज येणार होते. तथापि दुसऱ्याच्या हमीवर विसंबून घराबाहेर पडणे ही आमच्याकडील स्त्रियांची रीत नसल्यामुळे भडंगाचे डबे, भाजणी, मेतकूट, शेंगाची चटणी आणि सांगलीची हळद असा सरंजाम प्रत्येक पेटीत स्वतंत्रपणे भरला गेला. हळदीचे प्रयोजन काय, असे मी एका काकूंना विचारले असता, 'कुणाला लागलंखुपलं तर? बोट हाय, घसरायचं माणूस,' असे त्यांनी उत्तर दिले. बोटीवर औषधोपचाराची सोय असते, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले. 'असूं दे की. त्येंचं त्येंच्याजवळ,' असे म्हणून त्यांनी पेटीला कुलूप घातले.

प्रथम मुक्काम पॅरिसचा होता. त्या नगरीची कीर्ती सर्वांच्या कानी असल्यामुळे आयफेल मनोऱ्याकडे मंडळींनी, विहिणीच्या दागिन्यांकडे पाहावे तसे, मनातला भाव चेहऱ्यावर न आणता पाहिले. वातावरण बदलले ते सीन नदीवरील आल्मा पुलापाशी. त्या पुलाच्या खांबालगत एका झुआव्ह सैनिकाचा पाषाणाचा पुतळा उभा आहे. आमच्या मार्गदर्शक बाई क्रिमियन युद्धाची हकीकत सांगत होत्या, आणि ती ऐकण्याचा कोणाचाही इरादा दिसत नव्हता. परंतु पूर आला की पॅरिसचे लोक या पुतळ्याकडे पाहतात, त्याचे पाय बुडाले की काठावरचे रस्ते बंद होतात, आणि १९१० च्या महापुरात पाणी त्याच्या खांद्यापर्यंत चढले होते, असे त्या सहज म्हणून गेल्या मात्र, अख्खा समुदाय कठड्याशी गोळा झाला.

'म्हणजे आयर्विन पूलच की हो ह्यो!' एक जण उद्गारला. मग प्रश्नांची जी सरबत्ती सुरू झाली ती बाईंच्या कारकिर्दीत अपूर्व असावी. इशारा घोट्याला की गुडघ्याला? धोका कितीला? वरच्या अंगाला धरण आहे का, आणि विसर्ग कोणाच्या हुकमाने सुटतो? वर सीन आणि तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यात चार मोठे जलाशय आहेत, असे बाईंनी सांगितले. 'आणि खालच्या अंगाला?' मामलेदारसाहेबांनी विचारले. 'खाली समुद्र,' बाई म्हणाल्या.

'अलमट्टी धरणासारखं काही नाही?'

'नाही.'

'मग पूर आला की भांडायचं कुणाशी?' असे मामलेदारसाहेब स्वतःशीच म्हणाले, आणि पॅरिसविषयी त्यांच्या चर्येवर प्रथमच अनुकंपा दिसली.

पॅरिसहून आगगाडीने दोन तासांत ल्योन गाठले. येथे साओन नदी येऊन ऱ्होनला मिळते. ऱ्होनची एकंदर लांबी ८१२ किलोमीटर आणि कृष्णेची सुमारे १४००, हा तपशील कळताच मंडळींच्या मनावरचे दडपण उतरून ती ऱ्होनकडे वडीलकीच्या वात्सल्याने पाहू लागली. संगमाच्या अगदी टोकावर काच आणि पोलाद यांचे एक प्रचंड संग्रहालय २०१४ मध्ये उघडलेले आहे. हरिपूरला वारणा कृष्णेस मिळते तेथे संगमेश्वराचे देऊळ पाहण्याची सवय असलेल्या काकूंनी, 'देऊळ कुठंय?' असे विचारले. देऊळ नाही, संग्रहालय आहे, असे कळल्यावर त्यांनी चप्पल काढून पाण्याच्या दिशेने नमस्कार केला आणि संग्रहालयाला वगळले.

ल्योन हे रेशमी विणकामाचे जुने माहेरघर. येथील जोझेफ मारी जॅकार्ड याने १८०४ मध्ये छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर चालणारा माग सिद्ध केला: छिद्र असेल तेथे सुई आत जाते आणि ताण्याचा दोरा उचलला जातो, छिद्र नसेल तेथे तो खालीच राहतो, आणि अशा होकार-नकारांच्या हजारो पंक्तींतून कापडावर वेलबुट्टी उमलते. क्र्वा-रूस टेकडीवरील विणकरांची घरे या उंच मागांना सामावून घेण्यासाठीच उंच छतांची बांधलेली आहेत. आमच्यातील माधवनगरचे यंत्रमागवाले काका, ज्यांचा उभा जन्म मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे शांततेत ज्यांना झोप येत नाही, ते तोपर्यंत बसमध्ये पेंगत होते. विणकाम दाखवण्याच्या दालनात एक वृद्ध कारागीर माग चालवून दाखवू लागला, आणि काकांनी मान वर केली. मार्गदर्शक जॅकार्डचे चरित्र सांगत होता. काकांचे लक्ष मागाच्या आवाजाकडे होते. एकाएकी ते पुढे सरून म्हणाले, 'थांबवा. दोरा तुटलाय.' कारागिराला मराठी येत नव्हते, पण उगारलेला हात त्याला समजला. त्याने पाय आवरला, वाकून पाहिले, आणि खरोखरच एक केसाएवढा रेशमी दोरा ताण्यातून सुटून लोंबत होता. यानंतर त्या दोघांचे जे संभाषण झाले त्यात भाषेचा उपयोग कोणीच केला नाही. काकांनी दोऱ्याची गाठ मारली ती कारागिराने भिंग लावून पाहिली, आणि आपला धोटा त्यांच्या हाती दिला. काकांनी तो नाण्याची पारख करावी तसा तळव्यावर तोलला.

बाहेर पडताना मार्गदर्शकाने सांगितले की, याच टेकडीवरच्या विणकरांनी १८३१ मध्ये मजुरीचा किमान दर ठरवून मिळावा म्हणून उठाव केला होता. 'म्हणजे दराची बोलणी तवापासनं चालूच हायत होय,' काका म्हणाले, आणि इचलकरंजीस कोणाला तरी त्यांनी फोन लावला.

आमची नौका सव्वाशे मीटरांहून अधिक लांब आणि जेमतेम साडेअकरा मीटर रुंद होती. तिच्यावरील कारभार कडक शिस्तीचा. रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा छापील कार्यक्रम खोलीत येऊन पडे, आणि त्यातील वेळा मिनिटांच्या हिशेबात दिलेल्या असत. आपल्याकडील सहलींचा 'सहा-सात-आठ' हा परिपाठ, म्हणजे सहाला उठणे, सातला न्याहारी आणि आठला प्रस्थान, येथेही लागू होता. मामलेदारसाहेब ते कागद क्रमवार लावून, त्यांना पुठ्ठा घालून, दप्तर सांभाळीत असत. कमी उंचीच्या पुलाखालून जाताना गच्चीवरील छप्पर आणि कठडे आडवे करीत, सुकाणूची खोलीसुद्धा खाली बसवीत, आणि प्रवाशांना गच्चीवर मज्जाव असे. उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा वारा सुटला की तो मज्जाव आपोआपच पाळला जाई, कारण तेव्हा टोपी सांभाळावी की धोतर, असा पेच पडे.

तें-लेर्मिताज या गावी नौका लागली, आणि माझ्या कैफियतीचा मुख्य साक्षीदार येथे उपस्थित होतो. तासगावचे एक बागाईतदार, ज्यांना सारे अण्णा म्हणत, ते पांढरी टोपी आणि नवे कोरे बूट अशा वेषात द्राक्षांच्या डोंगरावर चढले. दगडी बांधांच्या उभ्या पायऱ्यांवर एकेक वेल एकेका खुंटीला बांधलेला; मांडव नाही, तारा नाहीत, ठिबकच्या नळ्या नाहीत. तोडणी चालू होती. आम्हां बाकीच्यांना एक पुस्तिका मिळाली होती, तीत त्या टेकडीच्या मद्याला काळ्या मिऱ्याचा आणि जांभळ्या फुलांचा गंध येतो असे लिहिले होते, आणि आम्ही तो गंध येतो असे एकमेकांना सांगत होतो. अण्णा उकिडवे बसले, नखाने माती उकरली, खालचा खडक लागल्यावर बोट झटकले, आणि बागेच्या मालकाला विचारते झाले: 'पाणी कसं देता?'

आमच्या सहलप्रमुखाने भाषांतर केले. पाणी देत नाही, असे उत्तर आले. आकाशातून पडेल तेवढेच, जुन्या नियमाप्रमाणे बाहेरून देणेच गैर.

'टँकर नाही, शेततळं नाही?' अण्णांनी खडकाकडे पुन्हा पाहिले. 'खुंट कुठला?'

या प्रश्नावर मालकाने प्रथमच आमच्याकडे नीट पाहिले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नामक किडीने फ्रान्सच्या बागा मुळांपासून खाल्ल्या. १८६३ च्या सुमारास तिचा उपद्रव पहिल्याने लक्षात आला तो याच ऱ्होनच्या खालच्या खोऱ्यात. अखेरीस तोडगा निघाला तो असा की, जी कीड अमेरिकेची तिला सहन करणारी मुळेही अमेरिकेचीच घ्यावीत आणि त्यांवर फ्रेंच डोळा बांधावा. तेव्हापासून तेथील मानी वेल परकीय पायांवर उभे आहेत. 'आमचाबी डॉगरिज खुंट टेक्सासचाच,' अण्णा म्हणाले, आणि दोघांनी हस्तांदोलन केले.

'दावण्या रोगाला काय मारता?'

मालकाने दिलेल्या फ्रेंच उत्तराचे भाषांतर होण्यापूर्वीच अण्णा उडाले: 'बोर्डो! अहो बोर्डोच म्हणतोय त्यो!' मोरचूद आणि चुना यांचे ते मिश्रण फ्रान्समध्येच जन्मले. बोर्दोकडचे बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर ते शिंपडीत, ते रोगासाठी नव्हे, तर निळसर दिसणारी द्राक्षे वाटसरूंनी चोरून खाऊ नयेत म्हणून. मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की, रोगराईत नेमके तेच वेल वाचले आहेत, आणि १८८५ मध्ये त्याने तो उपाय जगापुढे मांडला. 'म्हंजे चोरांनी औषधाचा शोध लावला,' अण्णांनी सारांश काढला. 'छाटणी किती वेळा?'

एकदाच, हिवाळ्यात, वेल झोपलेला असताना, असे उत्तर आले. आमच्याकडे दोनदा, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी, असे अण्णांनी सांगितले. मालक चकित झाला. 'मग तुमचा वेल झोपतो कधी?'

'आमच्याकडं झोपायला सवड कुणाला हाय?' अण्णा म्हणाले. आणि खिशातून तासगावच्या बेदाण्याची पुडी काढून त्यांनी त्याच्या तळव्यावर ओतली. मालकाने एक दाणा उन्हासमोर धरला, चावला, दुसरा चावला, आणि उरलेले दाणे मुलाला हाक मारून दाखवले. तळघरातील मद्याची चव घेण्याचा कार्यक्रम यानंतर यथासांग झाला. त्यात जाणत्यांनी घोट तोंडात घोळवून पात्रात थुंकून टाकण्याचा प्रघात असल्याचे दिसून आले. एवढी मोलाची वस्तू, आणि पोटात जाण्याची परवानगी नाही, ही व्यवस्था मामलेदारसाहेबांना अतिशय ओळखीची वाटली. 'निधी मंजूर, खर्च वर्ज्य,' ते म्हणाले.

त्याच्या खाली बोलेनचे लॉक लागते. १९५२ मध्ये उद्घाटन झालेल्या त्या योजनेत नौका एका काँक्रीटच्या खोल हौदात शिरते, मागचे दार मिटते, आणि पाणी उतरत जाऊन नौका सुमारे २३ मीटर, म्हणजे आयर्विन पुलाच्या भाषेत ७५ फूट, खाली जाते. हौदाची रुंदी १२ मीटर. दोन्ही अंगांस अंतर राहते ते सव्वा वीत. ओल्या, शेवाळलेल्या भिंती वर वर सरकू लागल्या, आकाश अरुंद होत गेले, बायका भजन म्हणू लागल्या. कवठेमहांकाळकडचे एक बापू, ज्यांच्या शेतात म्हैसाळ योजनेचे पाणी येते आणि ज्यांच्या आयुष्यातील बराच काळ ते न येण्याचे कारण विचारण्यात गेला आहे, ते तोंड मिटून सर्व पाहत होते. दार उघडल्यावर त्यांनी कप्तानाला गाठले.

'मोटारी किती एच्पीच्या?'

पंप नाहीत, कप्तान म्हणाला. झडपा उघडल्या की पाणी आपल्या वजनाने जाते, आणि वर जाणाऱ्या नौकेसाठी वरचेच पाणी आत घेतात. शेजारच्या वीजगृहात उलट वीज निर्माण होते. वीज, नौकानयन आणि शेतीचे पाणी ही तिन्ही कामे ऱ्होनवर १९३३ मध्ये स्थापन झालेल्या एकाच कंपनीकडे सोपवलेली आहेत. बापू बराच वेळ स्तब्ध उभे होते. ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उंचावर उपसतात, आणि विजेच्या थकबाकीने ते वाटेत थांबल्याचे प्रसंग आमच्या जिल्ह्याला तोंडपाठ आहेत. 'आमच्यात पाणी चढतंय म्हणून बिल चढतंय,' ते अखेरीस म्हणाले. 'ह्येंच्यात पाणी उतरतंय, आन् बिल दुसऱ्याला जातंय.' जलविद्युतेचे इतके आटोपशीर विवेचन मी अन्यत्र वाचलेले नाही.

आव्हिन्योंस पोपांचा प्रासाद पाहिला. १३०९ पासून १३७७ पर्यंत ख्रिस्ती धर्मपीठ रोमऐवजी येथे नांदत होते, हे ऐकून, मुख्यालय स्वगृही जाण्यास ६८ वर्षे लागली म्हणजे वर कोणाची ओळख नसावी, असा मामलेदारसाहेबांनी अंदाज बांधला. तेथून दिसणारा प्रख्यात पूल बाराव्या शतकातला. मूळच्या २२ कमानी, पुरांनी वेळोवेळी पाडल्या, सतराव्या शतकात लोकांनी दुरुस्तीचा नाद सोडला, आणि आज उरलेल्या ४ कमानी नदीच्या मध्यावर येऊन थबकतात. त्यावर जाण्यास तिकीट पडते. आपल्याकडे पूल पडला की चौकशी समिती लागते आणि येथे खिडकी लागते, या फरकावर मंडळींत मोठी चर्चा झाली. परंतु तिकीट सर्वांनी काढले, टोकापर्यंत जाऊन वाकून पाणी पाहिले, आणि आपला आयर्विन १९२९ पासून इतके पूर अंगावर घेऊन उभा आहे, हे एकमेकांस सांगितले.

यावर आक्षेप येईल तो मला ठाऊक आहे. या लोकांनी फ्रान्स पाहिला की सांगली जिल्हाच पाहिला? माझे उत्तर असे की, पुस्तिका वाचून जे मद्याचा गंध हुंगत होते त्यांच्याशी बागेचा मालक शिष्टाचारापुरते बोलला. खुंट विचारणाऱ्याला त्याने मुलाची गाठ घालून दिली. ज्याला आपल्या घरचा दोरा तुटल्याचे ऐकू येते त्यालाच ल्योनचा तुटलेला दोरा ऐकू आला. परमुलखाने आपले दार उघडावे असे वाटत असेल, तर हातात काही घेऊन गेले पाहिजे, मग ती बेदाण्याची पुडी असो वा थकलेले वीजबिल.

आर्ल येथे शेवटच्या रात्री निरोपाचे भोजन झाले. महाराजांनी पुरणपोळी केली होती, आणि कप्तानाने ती काट्याचमच्याने खाल्ली. नंतर अभिप्रायाची वही फिरली. तीत इतरांनी 'अविस्मरणीय', 'अप्रतिम' असे लिहिले. मामलेदारसाहेबांनी वही मागील पानांपासून तपासून, चष्मा पुसून, खालील शेरा लिहिला, त्याखाली सही व दिनांक घातला, आणि सहलप्रमुखाकडून तो कप्तानास समजावून देवविला:

'नौका समक्ष पाहिली. स्वच्छता समाधानकारक. लॉक चालू स्थितीत. वीजबिलाची थकबाकी नाही. आव्हिन्यों येथील पुलाच्या २२ कमानींपैकी १८ जागेवर आढळून आल्या नाहीत. संबंधितांनी लेखी खुलासा सादर करावा. तोपर्यंत प्रकरण प्रलंबित.'